विहिरीवरचे खोपे आणि सलीम अली

पावसाळ्याच्या दिवसांत जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, निमगाव सावाच्या शिवारातून सकाळी दुचाकीवर निघालात तर विहिरीवर झुकलेल्या एखाद्या बाभळीपाशी गाडी थांबवून बघा. फांद्यांच्या टोकांना सुगरणीचे खोपे लोंबत असतात आणि भोवती पिवळ्या डोक्याच्या पाखरांचा कलकलाट चाललेला असतो. काही खोपे पूर्ण, लांब नळी असलेले. काही मात्र अर्धवट, उलट्या टोपीसारखे. आपण ते बघतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि पुढे जातो. त्या झाडावर नेमके काय चालले आहे, हे मात्र १९३० पर्यंत जगात कोणालाच नीट ठाऊक नव्हते. ते ज्याने शोधले तो माणूस तेव्हा बेकार होता. त्याच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती आणि मोटारसायकलीचे वेड मात्र पक्ष्यांइतकेच होते. त्याचे नाव सलीम अली.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई. मुलांचा सांभाळ मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी केला. मामा शिकारीचे शौकीन. घरात बंदुका होत्या, त्यामुळे सलीमच्या हाती लहानपणीच छर्ऱ्याची बंदूक आली. चिमण्या टिपायच्या आणि त्या स्वयंपाकघरात द्यायच्या, हा त्याचा उद्योग. पक्षिप्रेमाची ही सुरुवात ऐकून आज कोणी नाक मुरडेल, पण ती तशीच आहे आणि सलीम अलींनी ती कधी लपवली नाही.

अशाच एका दिवशी पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नाही, मग ही खायला चालते का, असा प्रश्न मुलाला पडला. मामांनाही ते सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात धाडले. तिथे सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड भेटले. गोऱ्या साहेबासमोर घाबरत उभ्या राहिलेल्या त्या मुलाला त्यांनी हुसकले नाही. पक्षी ओळखून दिला, मग कपाटे उघडून एकेक खण ओढला आणि पेंढा भरून जपलेले शेकडो पक्षी दाखवले. ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आपल्याकडेही आहे. माळावरच्या झाडांतून ती हिंडत असते, आपण तिला साधी चिमणी समजून सोडून देतो एवढेच.

शाळेत सलीमची प्रगती यथातथाच होती. त्यात तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखी मागे लागली. ती इतकी, की वर्गात बसणे अवघड झाले. कोरड्या हवेने बरे वाटेल या आशेने त्याला सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवले. त्या काळी अशा दुखण्यावर हवापालट हाच मोठा उपाय होता. अभ्यास मागे पडला आणि १९१३ मध्ये मॅट्रिक कशीबशी सुटली. कॉलेजात नाव घातले, पण तेही धड पुरे झाले नाही. १९१४ मध्ये कुटुंबाच्या टंगस्टनच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा सांभाळायला ब्रह्मदेशात टॅव्हॉयला जावे लागले. धंद्यापेक्षा भोवतालच्या जंगलातच त्यांचे लक्ष जास्त, त्यामुळे धंद्याचे व्हायचे तेच झाले. पण इथेच त्यांच्या हाताखाली पहिली मोटारसायकल आली, साडेतीन अश्वशक्तीची एनएसयू. पुढच्या आयुष्यात सनबीम, हार्ले डेव्हिडसन, डग्लस, स्कॉट, न्यू हडसन, झेनिथ अशा अनेक गाड्या त्यांनी बाळगल्या. बीएमडब्ल्यू घेता आली नाही, ही रुखरुख म्हातारपणीही होती.

१९१७ मध्ये ते मुंबईत परतले. सकाळी दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकायचे आणि मग सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचे वर्ग करायचे, असा क्रम सुरू झाला. प्राणिशास्त्राकडे त्यांना वळवले फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना यांच्याशी लग्न झाले. नोकरीचे मात्र जमेना. सरकारी प्राणिशास्त्र खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा पदवी नाही म्हणून हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नव्याने उघडलेल्या निसर्गविज्ञान विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून ते लागले. येणाऱ्यांना काचेमागचे प्राणी समजावून सांगायचे, हे काम. दोन वर्षांत त्याचा कंटाळा आला. रजा घेऊन त्यांनी बर्लिन गाठले.

बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान हे त्या काळातले मोठे पक्षिशास्त्रज्ञ होते. तोवर हिंदुस्थानात पक्षिशास्त्र म्हणजे बहुतेक करून पक्षी मारायचा, मोजायचा, नाव द्यायचे आणि खणात ठेवायचे असा प्रकार होता. त्याचा उपयोग नाही असे नाही. आपल्या दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी अशाच नमुन्यांवरून १८३२ मध्ये प्रसिद्ध केली आणि माळावर पळणारा एक चंडोल आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. पण जिवंत पक्षी दिवसभर काय करतो, जोडीदार कसा निवडतो, घर कुठे आणि का बांधतो, हे प्रश्न मेलेल्या पक्ष्याला विचारून उपयोग नसतो. स्ट्रेझमान आणि त्यांच्या भोवतालची तरुण मंडळी हे प्रश्न विचारत होती. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांचे स्थलांतर कसे अभ्यासतात, हेही सलीम अलींनी तिथेच पाहिले.

१९३० मध्ये ते परतले तेव्हा म्युझियममधली त्यांची जागाच रद्द झालेली होती. कारण दिले गेले ते पैशांच्या टंचाईचे. वय तेहतीस, हाताशी पदवी नाही, पगार नाही. मुंबईत राहणे परवडेना म्हणून नवराबायको अलिबागजवळ किहीमला, समुद्रकाठच्या तेहमिना यांच्या माहेरच्या घरी राहायला गेली. पाऊस सुरू झाला. घराजवळच्या झाडांवर सुगरणींनी वसाहत मांडली. दुसरे काही कामच नव्हते, तेव्हा सलीम अली त्या झाडांसमोर बसले.

इथे जरा बहिणाबाईंची आठवण काढावी लागते. त्यांची खोप्यावरची कविता महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत असते आणि त्यामुळे खोपा विणते ती मादी, ही समजूत आपल्या मनात घट्ट आहे. पक्ष्याचे नावच मुळी सुगरण. बहिणाबाईंची नजर शेतकरणीची, विणीतली सफाई त्यांनी अचूक टिपली. पण विणणारा असतो नर. गवताच्या, भाताच्या किंवा उसाच्या पानाला चोचीने खाच पाडून तो लांब पट्टी सोलतो, आणतो आणि गाठी मारून विणतो. पावसाच्या तोंडाशी त्याच्या डोक्यावर आणि छातीवर पिवळा रंग चढतो. हंगाम संपला की तो उतरतो आणि नर मादी दोघेही चिमणीसारखे तपकिरी दिसू लागतात.

सलीम अलींच्या ध्यानात आलेली गोष्ट याच्या पुढची होती. नर खोपा अर्धाच बांधतो. उलट्या टोपीसारखा आकार झाला की थांबतो. या अवस्थेला अभ्यासकांनी हेल्मेट असेच नाव दिले आहे. मग माद्यांचा थवा वसाहतीत येतो. नर पंख फडफडवत आपापल्या घराला लोंबकळतात आणि ओरडतात. माद्या एकेका खोप्यात शिरतात, आतून धागे ओढून बघतात. पसंत पडले तर मादी तिथेच राहते. नाही पडले तर निघून जाते आणि ते अर्धे घर तसेच लटकत राहते. पसंती मिळाल्यावरच नर पुढचे काम करतो, अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी पुरी करतो. मादी अंडी घालून उबवायला बसली की साहेब जवळच दुसरा खोपा सुरू करतात, दुसऱ्या मादीसाठी. जमले तर तिसरा. अंडी उबवायची ती मादीने, पिलांना भरवण्याचा मुख्य भारही तिच्यावरच.

एका हंगामात एका नराच्या एकामागून एक अशा अनेक माद्या असतात, आणि घर पसंत करण्याचा हक्क पूर्णपणे मादीचा असतो, हे पहिल्यांदा नीट मांडले गेले ते या निरीक्षणांतून. १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा हा लेख छापून आला आणि पक्षिशास्त्राच्या जगात सलीम अली हे नाव माहीत झाले. ज्या पक्ष्याला हिंदुस्थानातले प्रत्येक खेडे ओळखत होते, मदारी ज्याला पत्ते उचलण्याचे खेळ शिकवत होते, त्याच पक्ष्याबद्दलचा हा शोध. नोकरी टिकली असती तर तो त्यांच्या हातून लागला असता की नाही, शंकाच आहे.

त्यानंतरची काही वर्षे संस्थानांमधल्या पक्ष्यांच्या पाहण्यांची. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, भोपाळ, ग्वाल्हेर, इंदूर. सलीम अलींनी संस्थानिकांपुढे सरळ हिशेब मांडला होता. मला पगार नको, फक्त मोहिमेचा खर्च द्या. बैलगाड्या, तंबू, कंदील आणि रोज पहाटे उठून फिरणे, यात तेहमिना बरोबरीने होत्या. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचा मृत्यू झाला. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण आणि मेहुणा यांच्या घरी ते राहू लागले आणि तिथूनच पुढची सगळी कामे झाली.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले. सामान्य माणसाला चित्र बघून पक्षी ओळखता यावा, असे ते लिहिलेले होते. तोवरचे ग्रंथ जाडजूड आणि साहेबांसाठी असत. नेहरूंनी तुरुंगात असताना हे पुस्तक आपल्या मुलीला, म्हणजे इंदिरा गांधींना, दिले होते. स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशांअभावी बंद पडायच्या बेतात असताना सलीम अलींनी नेहरूंना पत्र लिहिले आणि मदत मिळाली. पुढे अमेरिकन सहकारी डिलन रिप्ली यांच्याबरोबर त्यांनी भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा केला.

पण दुचाकीवाल्यांना सांगण्यासारखी हकिगत १९५० ची आहे. स्वीडनमधल्या उप्साला इथे आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषद होती. सलीम अलींना निमंत्रण होते. त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल मुंबईहून स्ट्रॅथेडन नावाच्या बोटीवर चढवली, युरोपात उतरवली आणि तिच्यावरून देशोदेशीचे मित्र भेटत, पक्षी बघत स्वीडनकडे निघाले. वय ५३. फ्रान्समध्ये एक छोटा अपघात झाला, थोडे लागले. जर्मनीत गुळगुळीत दगडांच्या फरसबंदी रस्त्यांवर गाडी अनेकदा घसरली. तरी सामानाने लादलेल्या गाडीवरून ते पहिल्या सत्राच्या ऐन वेळेला उप्सालात दाखल झाले. हा हिंदी माणूस थेट हिंदुस्थानातून मोटारसायकल चालवत आला आहे, अशी आवई तिथे उठली. बोट मध्ये होती हे खुलासा करून सांगावे लागले, आणि त्यातही त्यांना मजाच वाटली असावी.

या सदराच्या वाचकांना जवळचा वाटेल असा आणखी एक धागा त्यांच्या कामात आहे, तो माकडतापाचा. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासच्या माणसांना कडक ताप, अंगदुखी, रक्तस्राव होऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, या आजाराचा विषाणू शोधून काढला. तो गोचिडांमार्फत पसरतो हे कळले. पण त्याचे जवळचे नातेवाईक निघाले रशियातले विषाणू. मग तो इथे आला कसा? दर हिवाळ्यात उत्तरेकडून लाखो पक्षी येतात, त्यांच्या अंगावरच्या गोचिडांबरोबर तर नाही ना, असा संशय घेतला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ च्या सुमारास सोसायटीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्षी पकडून, कडी घालून सोडण्याचे मोठे काम हाती घेतले. जाळ्यात आलेल्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडाही तपासल्या गेल्या.

स्थलांतरित पक्ष्यांनी हा विषाणू आणला, असे सिद्ध झाले नाही. हाती आली ती मात्र दुसरीच संपत्ती. आपल्या तळ्यांवरची बदके आणि शेतातले धोबी कुठून येतात, कोणत्या वाटेने जातात, याची पहिली भरवशाची माहिती भारताला या कड्यांमुळे मिळाली. पुढे या कामासाठी अमेरिकी लष्कराशी संबंधित निधी आल्यावरून सत्तरच्या दशकात संसदेपर्यंत वाद गेला. माकडताप आजही संपलेला नाही. गेल्या काही वर्षांत तो सिंधुदुर्गातही पोचला आहे. काजूच्या बागांत आणि जंगलकाठी काम करणाऱ्यांनी अंगभर कपडे घालणे, घरी आल्यावर अंग आणि कपडे तपासणे आणि मेलेल्या माकडाजवळ न जाता आरोग्य खात्याला कळवणे, हाच सल्ला तिथे दिला जातो. एकेका रोगाचा माग काढताना पक्ष्यांपर्यंत जावे लागते, हे कोविड आणि बर्ड फ्लूनंतर आपल्याला नवे वाटत नाही. तेव्हा ते नवे होते.

सलीम अलींचे सगळेच बरोबर ठरले असेही नाही. राजस्थानातले भरतपूर हे त्यांचे लाडके ठिकाण. तिथली पाणथळ पूर्वी महाराजांच्या बदकशिकारीसाठी राखलेली होती. ती पक्ष्यांसाठी टिकवण्यात त्यांचा मोठा वाटा. पण गुरांच्या चराईला त्यांचा विरोध होता आणि १९८२ मध्ये तिथे चराईबंदी झाली. त्यावरून गावकऱ्यांचा आणि पोलिसांचा संघर्ष झाला, गोळीबारात माणसे गेली. पुढे त्यांच्याच सोसायटीने केलेल्या दीर्घ अभ्यासात दिसले ते उलटेच. म्हशी पाण्यातले गवत खाऊन त्याला आवर घालत होत्या. त्या गेल्यावर गवत माजले, मोकळे पाणी कमी झाले आणि पाणपक्ष्यांची अडचण झाली. आपल्याकडे गायबगळे गुरांच्या पायाशी चरताना रोज दिसतात, त्यांना हे केव्हाच ठाऊक असावे.

मानसन्मान उशिरा पण भरपूर आले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण आणि त्याच सुमारास जे. पॉल गेटी वन्यजीव पुरस्कार. त्याचे ५०,००० डॉलर त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकले. केरळातले सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून उठलेल्या आवाजात त्यांचा आवाज होता. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले आणि त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र आले, त्याच्या नावात ती लहानपणी पाडलेली चिमणी आहे. कर्करोगाने ग्रासलेले असताना २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रात आता ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी तो सुरू होतो आणि सलीम अलींच्या जन्मदिवशी संपतो.

त्या आठवड्यात निमगाव सावाकडे किंवा कुकडीच्या खोऱ्यात आणखी कुठे गाडी काढणार असाल तर उजाडल्यावरच निघा. जुन्नर भागात उसात बिबटे आहेत आणि पहाटेचा अंधार व तिन्हीसांज या त्यांच्या वेळा, हे इथल्या कोणालाही सांगायला नको. गाडी सावकाश चालवा, हेल्मेट डोक्यावरच असू द्या. तारेवर वेडा राघू आणि कोतवाल, बांधावर टिटवी, नांगरटीत धोबी आणि चंडोल, नशीब असेल तर खांबावर नीलपंख दिसेल. पक्षी दिसला की लगेच गाडीवरून उतरू नका. चालत्या किंवा उभ्या गाडीला ते फारसे बिचकत नाहीत, पण माणूस खाली उतरून चालू लागला की उडतात.

नोव्हेंबरात सुगरणींचा हंगाम सरलेला असतो. खोपे वाळून तांबूस झालेले असतात. शोभेसाठी ते तोडून घरी नेण्याचा मोह आवरा, कारण रिकाम्या खोप्यांत मुनियांसारखे दुसरे पक्षी कधी कधी आसरा घेतात. एकेक खोपा नीट बघत जा. नळी असलेला असेल तर त्यात संसार झाला. टोपीसारखा अर्धाच असेल तर एखादी मादी आत शिरली होती, तिने दोन धागे ओढून पाहिले होते आणि ती निघून गेली होती.